सोपानचं नाक

आमच्या वाडीचा जेवढा विश्वास सोपानच्या नाकावर होता, तेवढा कुठल्या डॉक्टरवर नव्हता की पुढाऱ्यावर नव्हता. आणि त्या सोपानला चार वर्षं कसलाच वास येत नव्हता. हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक त्याची बायको बयाबाई आणि दुसरा मी. मला ते शेवटच्या एकवीस दिवसांत कळलं, आणि ज्या तऱ्हेने कळलं त्याची अजून लाज वाटते.

मी चांगदेव. राजुरीपासून पाच किलोमीटरवरच्या आमच्या वाडीत दूध डेअरीचा सव्वीस वर्षं सचिव होतो. दुधात पाणी असलं तर सख्ख्या भावाची किटलीही परत पाठवायचो, आणि एकदा खरोखरच पाठवली. तेव्हापासून तो माझ्या घरी येत नाही. माझ्याशी गोड बोलणारी माणसं त्यामुळे कमीच. डेअरीतून मोकळा झाल्यावर गावाशेजारच्या प्लँटच्या गेटवर बसायचं काम मिळालं, तेही या स्वभावामुळेच. गेटला असाच माणूस पाहिजे म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

सोपान आणि मी एका वर्गात. सातवीनंतर त्याने शाळा सोडली आणि गोबरगॅस बांधणाऱ्या एका गवंड्याच्या हाताखाली लागला. त्या काळात ज्याच्या दारात चार जनावरं त्याच्या अंगणात गोबरगॅसचा खड्डा, अशी हवा होती. सोपानने आधी सायकलवरून आणि मग खडखडत्या लूनावरून जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले. पिंपळवंडी, वारूळवाडी, तिकडे मंचर, अवसरी, घोडेगाव. बयाबाई घोडेगावकडचीच. तिच्या बापाचा गॅस पेटत नव्हता म्हणून सोपान गेला होता आणि गॅसबरोबर लग्नही जमवून आला.

त्याचं काम बघायला मजा यायची. हत्यारांची पिशवी गाडीलाच राहायची. अवसरीला एका लग्नघरी गॅस बंद पडला होता, तीनशे माणसांचा स्वयंपाक अडलेला. सोपान गेटातून आत आला, पाण्याचा तांब्या पुढे केला तो घेतला नाही, नाक वर करून दोनदा श्वास ओढला आणि म्हणाला, "पाईप चांगलाय. तुमी खड्ड्यात फिनेलचं पानी सोडलंय." घरातली सगळी माणसं एका सुनेकडे बघायला लागली. पाहुणे येणार म्हणून तिने गोठा फिनेलने धुतला होता आणि पाणी खड्ड्यात गेलं होतं. कुजवणारे जंतू मेले की गॅस कुठून येणार? दुसऱ्या एका घरी त्याने भिंतीमागचा गळका सांधा चुलीजवळ उभं राहून सांगितला. शेण आंबलं की पिकलं, आत पाणी जास्त झालं की कमी, हे त्याला अंगणातूनच कळायचं. लोक म्हणायचे, सोपानला बोलवा, तो वासावर सांगेल.

मग घरोघर सिलिंडर आले. शेण कालवायला कुणाला वेळ राहिला नाही. लोखंडी टाक्या भंगारात गेल्या आणि खड्ड्यांत लोकांनी केळी लावल्या. सोपान ठिबकचे पाईप जोडायला लागला. रस्त्याने जाताना एखादा बुजलेला खड्डा दिसला की तो मला सांगायचा, हा मी ब्याण्णवला पेटवला होता, या घरची म्हातारी पहिल्या चहाला रडली होती. दरवेळी हेच. मी वैतागायचो. माझ्या डेअरीत रोज नवं दूध येत होतं, मला त्याचं दुःख कळायचं कारण नव्हतं.

एकवीसच्या मे महिन्यात त्याला करोना झाला. अकरा दिवस कोविड सेंटरमध्ये काढून तो घरी आला तेव्हा नाक गेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. आलं नाही. बयाबाईने कापूर धरून पाहिला, हिंग धरून पाहिला. एकदा मुद्दाम मिरच्यांची फोडणी करपवली. ती स्वतः खोकून बेजार झाली आणि हा डोळ्यांतून पाणी गाळत शांत बसून राहिला. "कुनाला सांगू नको," एवढंच त्याने तिला सांगितलं. लपवायला काही कष्ट पडले नाहीत, कारण तोवर त्याच्या नाकाला विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

दोन वर्षांनी वाडीत कंपनीची माणसं आली. त्यांच्याबरोबर वैजयंती मॅडम होत्या, मंचरच्या, केमिकल इंजिनियर. मारुतीच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. मॅडमनी सरळ भाषेत सांगितलं. आमच्या भागात गाई भरपूर, शेण भरपूर. ते आणि उसाचं पाचट कुजवून गॅस करायचा, तो साफ करायचा, वाफेबरोबर तापवायचा, की त्यातून हायड्रोजन निघतो. तो सिलिंडरच्या गाडीतून चाकणच्या बाजूला एका कारखान्याच्या भट्टीला जाणार. मोटार आणि दिवे विजेवर चालतात, पण काही भट्ट्यांना एवढी आच लागते की तिथे वीज नेणं परवडत नाही. तिथे आज कोळसा आणि डिझेल जळतं. त्याच्या जागी हा. जळाला की नुसतं पाणी होतं. आणि बनवताना जो धूर सुटतो, तो गवताने हवेतून घेतलेलाच परत जातो, जमिनीतून उकरून काढलेला नव्हे.

लोकांच्या कानावर मात्र एकच शब्द पडला होता आणि त्याला जोडून बॉम्ब. टीव्हीवर ऐकलेलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, गावाशेजारी हायड्रोजन बॉम्ब आणून ठेवणार का? मॅडमनी फरक समजावला, पण हशा आणि गलका थांबेना. मग प्रयागबाई उठल्या. सत्तरी पार केलेल्या, बचतगटाच्या सगळ्यात जुन्या बाई. त्यांनी विचारलं, "फुटला तर आमाला कळनार कसं? वास येतो का त्याला?"

मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, "नाही. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. उन्हात त्याची ज्योतसुद्धा दिसत नाही. म्हणून तर यंत्रं बसवतो."

सभा तिथेच संपली असती. ज्याला वास नाही, रंग नाही, दिसत नाही, ते गावाजवळ कोण येऊ देईल? तेवढ्यात सोपान उभा राहिला.

"मी जातो तिथं," तो म्हणाला. "तीस वरसं गॅस हुंगलाय मी. मी व्हय म्हनलं तर प्लँट चालंल, न्हाई म्हनलं तर बंद. मग तर झालं?"

सगळीकडून माना हलल्या. ज्या गॅसला वासच नाही असं आत्ता सांगितलं, त्यावर नाकाचा पहारा बसवून काय मिळणार, हे त्या मंडपात एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मॅडम काही बोलायला गेल्या, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव झाला की सोपानला प्लँटवर कायम ठेवायचं आणि तो असेल तोवरच गावाची परवानगी. बायकांच्या रांगेत बयाबाई बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं कौतुकाने लाजली.

प्लँट उभा राहिला. त्याचे दोन भाग होते. अलीकडे शेणाची बाजू, पलीकडे कुंपण घालून हायड्रोजनची बाजू. पलीकडे डिप्लोमावाली माणसं, पडदे, आकडे. अलीकडे सोपान, गोकुळ आणि आणखी चौघे. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की खरा धोका अलीकडेच आहे. शेणाच्या गॅसमध्ये एक विषारी गॅस असतो, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा. थोडा असेल तर वास येतो, जास्त झाला तर नाक बधिर होतं आणि माणूस दोन श्वासांत पडतो. "नाकावर जाऊ नका," असा मोठा फलकच त्यांनी खड्ड्याजवळ लावला. त्या फलकाखाली आम्ही डबे ठेवायचो.

यंत्र बसवलं होतं. ते पावसाळ्यात दमट हवेनेही वाजायचं. दोन-चार वेळा उगाच वाजल्यावर आमच्यात आपोआप रीत पडली. यंत्र वाजलं की हाक जायची, "सोपानला बोलवा." मॅडमना हे आवडत नव्हतं, त्या चिडायच्या, पण त्यांचा निम्मा वेळ पलीकडच्या बाजूला. सोपान येऊन यंत्राकडे बघायचा, आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "जरा दम धरा, जेवून बघतो." आम्ही हसायचो. सोपानचं नाक उपाशी चालत नाही, अशी त्याची टिंगल करायचो. तोवर काम थांबलेलं असायचं. एक वाजता बयाबाई डबा घेऊन यायची. डबा काखेत धरून ती खड्ड्याच्या कडेने, पंपाच्या खोलीवरून, लोखंडाच्या किसाने गॅस साफ करायच्या टाकीजवळून सावकाश एक चक्कर मारायची आणि करंजाखाली बसून भाकरी सोडायची. जेवून सोपान उठायचा आणि सांगायचा, "चालू करा," किंवा "त्या टाकीतला लोखंडाचा कीस बदला." वर्षभरात तो एकदाही चुकला नाही. गावाला ठराव केल्याचं सार्थक वाटत होतं.

या फेब्रुवारीत पुण्याहून तपासणीला माणसं आली. त्यांनी दहा पानांचा अहवाल दिला. त्यात एक ओळ होती की कामगारांच्या घरच्यांना गेटाच्या आत सोडू नये. ओळ अगदी बरोबर होती. मी ती गेटवर चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी बयाबाईला अडवलं.

"भाऊ, दोन मिनटं," ती म्हणाली.

"नियम म्हणजे नियम, वैनी. डबा टेबलावर ठेवा."

तिसऱ्या दिवसापर्यंत ती रोज विनवत होती. पाणी देऊन येते म्हणाली, औषध द्यायचंय म्हणाली. मी म्हणालो, "या वयात नवऱ्याला घास भरवायचाय का?" बाहेर उभा असलेला शेणाच्या ट्रॅक्टरवाला हसला. तिने डबा ठेवला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून आत बघत राहिली. मला नियम पाळल्याचं समाधान होतं.

चौथ्या दिवशी सोपान रिकामा डबा परत द्यायला आला, तर डबा जड. बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू मी उघडून बघायचो. खालच्या कप्प्यात शेणकाला होता, खड्ड्यातला. मी चक्रावलो. शेण कोण चोरतं? मग माझ्या डोक्यात आलं की हा कुणा दुसऱ्या कंपनीला नमुने पुरवतोय. मी चार माणसांसमोर आवाज चढवला. सोपानने माझं मनगट धरलं आणि मला गेटच्या खोलीत ओढत नेलं. दार लावलं.

"चांगदेवा, मला वास येत न्हाई," तो म्हणाला.

मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं काहीतरी सबब सांगतोय. मग त्याने सगळं सांगितलं. करोना, कापूर, ग्रामसभा, बयाबाईच्या चकरा. डब्यातला काला तिला घरी हुंगायला पाठवत होता, आत येता येईना म्हणून.

"मग सभेत उठलास कशाला?" मी विचारलं.

"गप बसलो असतो तर प्लँट परत गेला असता. तीस वरसं मी लावलेलं सगळं खड्डं बुजलं रे. ह्यो एक उभा राहत व्हता. मला वाटलं, बया हाय, निभवून नेऊ."

"आत्ता जाऊन मॅडमना सांग."

"सांगितलं की ठराव मोडला. ठराव मोडला की प्लँट बंद. आन् गाव म्हनंल सोपान्यानं फसवलं." तो खाली बसला, माझ्या स्टुलापाशी, जमिनीवर. "तुझ्या पाया पडतो. तिला दोन मिनटं आत सोड. रोज दोनच मिनटं."

मॅडमचं ऑफिस माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर होतं. मी गेलो नाही. वर्गमित्राची दया आली, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. गाव ज्या नाकाचा डंका वाजवत होतं ते रिकामं होतं आणि हे मला एकट्याला कळलं होतं. मला त्याची आतून गोडी वाटली. बयाबाईला आत सोडलं तर नियम मोडतो, म्हणून मी मोठ्या मनाने मार्ग काढला. म्हणालो, "माझं नाक शाबूत आहे की. यंत्र वाजलं तर माझ्याकडे ये. मी सांगत जाईन."

दुसऱ्या दिवशी बयाबाईला हे कळलं तेव्हा ती गेटपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, राग मानू नका. तुमी सकाळपासनं हितंच बसता. दिसभर वासात बसलेल्या मानसाला तो वास कळत न्हाई. मी लांबनं चालत येती, म्हनून मला कळतो."

"सव्वीस वर्षं दूध हुंगलंय मी," मी म्हणालो.

"दूध निराळं," ती म्हणाली. मला राग आला होता आणि तो मी तिला दिसू दिला.

त्यानंतरचे दिवस सोपानने कसे काढले ते मी रोज बघत होतो. तो जेवेनासा झाला. डबा तसाच परत जायचा. नारायणगावच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आला. ओतूरला कुणी नाकात औषधी तेल सोडणारा होता, त्याच्याकडे गेला. घरी तिखटाची पूड नाकात ओढली आणि दोन दिवस नाकपुड्यांना फोड घेऊन आला. लोकांना सांगितलं, सर्दी झाली. मॅडमकडे जाऊन म्हणाला, "मला पलीकडच्या बाजूला घ्या. तिथं नाकाचं काम न्हाई, आकडं बघायचं असतंय. मी शिकंन." मॅडम म्हणाल्या, "तिथे डिप्लोमा लागतो, काका. आणि गावानेच तुम्हाला इथे ठेवलंय ना?" तो परत आला आणि कुंपणाच्या जाळीला धरून बराच वेळ पलीकडे बघत उभा राहिला. तिथे कुणालाच वास येत नव्हता, आणि कुणाचंच अडत नव्हतं.

एकदा मी त्याला खड्ड्याच्या कठड्यावर ओणवा झालेला पाहिला. श्वास ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. मी हाक मारली तेव्हा त्याने मान वर केली. चेहरा रडवेला झाला होता. "कायच न्हाई रे," तो म्हणाला. दिवसातून चार-पाचदा तो गेटवर यायचा आणि विचारायचा, "काय येतंय का?" मी बाहेर येऊन श्वास घ्यायचो आणि सांगायचो, "काही नाही." त्याचा चेहरा तेवढ्यापुरता सैल व्हायचा. मला वाटायचं, मी त्याला सांभाळतोय.

सोपानने मला सांगितल्यापासूनचा एकविसावा दिवस मार्चचा होता. वारा पडलेला, ऊन चांगलं तापलेलं. शेणात कुणाचं तरी गाईचं दावं आलं होतं, ते पंपात गुंतलं आणि पंप बंद पडला. पंप जमिनीखाली, सात-आठ फूट खोल खोलीत. गोकुळ पाना घेऊन उतरायला निघाला. गोकुळ म्हणजे तिशीचा गडी, दोन लेकरांचा बाप, कामाला वाघ. साडेबाराला यंत्र वाजायला लागलं. मॅडम पलीकडे सिलिंडरची गाडी भरून घेत होत्या, तिथल्या आवाजात त्यांना हे ऐकू आलं नाही. गोकुळ शिडीपाशी थांबला आणि सगळ्यांनी सोपानकडे बघितलं.

पंप थांबला होता, खड्डा भरत चालला होता. एक वाजायला अर्धा तास होता, आणि एक वाजता येणारी आता आत येणार नव्हती. सोपान चालत गेटवर आला.

"चांगदेवा, वाजतंय," तो म्हणाला.

मी खोलीतून बाहेर आलो. दोन वेळा छाती भरून श्वास घेतला. मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन, मला काही आलं नाही. रोजचा शेणाचा वास होता, तोही असून नसल्यासारखा.

"काही नाही. दमटपणाने वाजत असेल," मी म्हणालो.

मार्च महिन्यात दमटपणा कुठून येणार? त्याच्याही लक्षात आलं नाही. त्याला नाही हाच शब्द ऐकायचा होता. तो परत फिरला आणि मी त्याला हात वर करून गोकुळला खूण करताना पाहिलं.

त्या दिवशी बयाबाई लवकर आली. रोजच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी. रस्त्याच्या वळणावर ती दिसली, पन्नास पावलांवर, आणि एकदम थांबली. पदर नाकाला लावला. मग डबा टाकून पळत सुटली. साठीची बाई, अनवाणी.

"भाऊ, वास येतोय. लई येतोय. गेट उघडा."

मी म्हणालो, "वैनी, थांबा." सवयीने म्हणालो. मग किल्ली शोधायला लागलो. जुडग्यात सहा किल्ल्या होत्या. ती गजांना धरून आत ओरडली, "आवं, कुनाला उतरू देऊ नका." सोपानने तिचा आवाज ओळखला. तो वळला आणि त्याच वेळी पंपाच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. गोकुळ पडला होता.

मी गेट उघडलं तेव्हा सोपान शिडीवर होता. खाली काय आहे हे त्या आवारात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने टॉवेल भिजवून तोंडाला बांधला होता, त्याने काही होत नाही हेही त्याला माहीत होतं. छातीत श्वास कोंडून तो दोर घेऊन उतरला. गोकुळच्या काखेतून दोर घातला, गाठ मारली आणि दोराला झटका दिला. चौघांनी मिळून गोकुळला वर ओढलं. त्याची छाती हलत होती. मग दोर पुन्हा खाली सोडला. तो घेणारं खाली कुणी नव्हतं.

मॅडम तोंडावर श्वासाचं यंत्र लावून धावत आल्या आणि स्वतः उतरल्या. सोपानला वर काढलं तेव्हा बयाबाई शिडीपाशी बसली होती. ती रडत नव्हती. त्याच्या मिशांवरचं शेण ती पदराने पुसत होती.

गोकुळ नऊ दिवसांनी घरी आला. प्लँट बंद झाला. वाडीच्या चौकात सोपानचा फोटो लागला, खाली लिहिलं होतं की गावाचा पहारेकरी गेला. लोकांनी आपापसांत गोष्ट तयार केली की सोपानने वासावर आधीच सांगितलं होतं, कंपनीनेच ऐकलं नाही. मी ती गोष्ट दहा ठिकाणी ऐकली आणि दहाही ठिकाणी गप्प राहिलो. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी गेटवर होतो. ते खोटं नव्हतं.

एप्रिलमध्ये पुन्हा ग्रामसभा भरली. प्लँट सुरू करायचा का नाही. मॅडम आल्या होत्या, महिन्याभरात वाळल्या होत्या. त्यांनी प्रत्येक कामगाराच्या छातीला लावायची छोटी यंत्रं आणली होती. म्हणाल्या, "त्या दिवशी यंत्र बरोबर वाजलं होतं. तेवढं तुम्ही समजून घ्या." लोक त्यांच्या अंगावर गेले. यंत्राचं कौतुक सांगू नका, आमचा माणूस गेलाय. मग कुणीतरी सुचवलं की प्लँट चालू करायला हरकत नाही, पण सोपानच्या जागी तसाच पक्क्या नाकाचा माणूस पाहिजे. आणि माझं नाव आलं. डेअरीचा माणूस, दूध हुंगून पाणी सांगायचा, रोज तिथेच बसतो. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं मी मोठेपणा नाकारतोय.

बायकांच्या रांगेतून बयाबाई उठली.

"माझ्या मालकाला चार वरसं वास येत नव्हता," ती म्हणाली. "करोनापासनं. मी डबा घेऊन जायची, मी हुंगायची, मी सांगायची. यंत्र खरं बोलत व्हतं. फोटो लावलाय त्यांचा, ठिवायचा तर ठिवा, काढायचा तर काढा. पर आता परत कुनाचं नाक शोधू नका. त्या बाई सांगत्यात ते ऐका."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मॅडम रडल्या. मग प्रयागबाईंनी विचारलं, "पर बया, त्या दिशी तू तर गेटाच्या भायेर व्हतीस. मग त्याला न्हाई म्हनून सांगितलं कुनी?"

मी दुसऱ्या रांगेत होतो, तिच्यापासून दहा हातांवर. मला वाटलं आता ती वळेल. तिने माझं नाव घ्यावं असं मला वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं, कारण मग मला स्वतः उठावं लागलं नसतं.

"कुनी न्हाई," बयाबाई म्हणाली आणि खाली बसली.

सभा आणखी तासभर चालली. मी शेवटपर्यंत बसून होतो. उठलो नाही.